साठ इंचांपुढे गेलेली गुंडी

मी एक जुनी शिवणकामाची टेप आहे. लांबी साठ इंच, दोन्ही टोकांना पितळी पत्रा आणि स्वभाव सरळ. शेळगावच्या कुशाबाईंच्या शिलाई मशीनवर मी बावीस वर्षे काढली. पोलकी, शाळेचे गणवेश, लग्नाचे ब्लाउज सारे माझ्याच मापाने शिवले गेले. गावात कुणाची कंबर किती, हे मला पक्के ठाऊक होते, पण मी कधी चुगली केली नाही! पुढे कुशाबाईंना सुईत दोरा ओवता येईना. मशीन झाकले गेले आणि मी गोठ्यातल्या खिळ्यावर आले. मित्रांनो, मला फार वाईट वाटले.

त्याच गोठ्यात गुंडी जन्मली. काळीभोर कालवड, कपाळावर शर्टाच्या गुंडीसारखा गोल पांढरा ठिपका. कुशाबाईंचा तिच्यावर भारी जीव.

तेव्हा ऊसतोड जोरात होती. उसाच्या शेंड्यांचे, म्हणजे वाढ्यांचे, दारात ढीग पडले होते. गुंडी महिन्याची झाली, तसे तिचे दूध तोडून तिच्यापुढे वाढ्यांची बारीक चिरलेली कुट्टी टाकली गेली. दर रविवारी कुशाबाई मला तिच्या पोटाभोवती गुंडाळीत आणि नवऱ्याला, हिंदुरावांना, हाक मारीत.

“आवं, बघा तरी! दोन इंच वाढली. खाल्लेलं अंगी लागतंय हिच्या.”

पुन्हा कामाला लागले म्हणून मीही फुशारून गेले.

एका सकाळी मात्र गुंडी उठेना. पोट टम्म, पण पाय काडीसारखे आणि केस राठ. हिंदुराव मान हलवत म्हणाले, “न्हाय जगायची ही. उगं जीव लावून बसू नगंस.”

कुशाबाईंनी वालचंदनगरच्या जनावरांच्या डॉक्टर स्वरूपाताईंना फोन लावला. ताईंनी गुंडीला तपासले आणि मला खिळ्यावरून काढले.

“आजी, पोट नका मोजू. ते नुसत्या पाल्यानंही फुगतं. पुढच्या पायांमागून छाती मोजा.”

छाती भरली एकतीस इंच. “जन्मतःच वासराची छाती तीसेक इंच असते. म्हणजे दीड महिन्यात फक्त एक इंच वाढ!” ताई म्हणाल्या. कुशाबाईंनी वाढ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवले.

“पण रोज पोटभर खात व्हती की हो!”

“आजी, गोधडी कशी शिवता? आधी जुनी लुगडी उसवता, तुकडे करता, मग नव्यानं जोडता. अंगातही तसंच चालतं. आधी चारा उसवायचा, मग त्याच तुकड्यांतून मांस, हाडं, केस शिवायचे. चारा उसवतात ते गाईच्या मोठ्या पोटातले बारीक जीवजंतू. हिचं ते पोट अजून तयारच नाही. तोवर हिला दूधच पचणार.”

“म्हंजी चूक माझीच व्हय?”

“चूक खरी, पण वेळ गेलेली नाही.”

दोन्ही वेळचे दूध पुन्हा सुरू झाले. सोबत मूठभर खुराक, थोडे वाळले गवत, स्वच्छ पाणी. पहिल्या रविवारी एकतीस, दुसऱ्या रविवारी एकतीसच. मित्रांनो, मला खोटे बोलता येत नाही, याचे तेव्हा फार दुःख झाले. तिसऱ्या रविवारी मात्र कुशाबाईंचे बोट बत्तिसावर आले! मग काय विचारता? चौतीस, चाळीस, पन्नास. राठ केस गळून गेले आणि अंगावर तेलासारखी चकाकी आली. मोठे पोट तयार झाले, तसे दूध सुटले. हिरवा चारा गुंडीच्या पोटात जाई आणि काळ्या अंगाची गुंडी होऊन बाहेर दिसे. बावीस वर्षांत असे शिवणकाम मी पाहिले नव्हते.

आणि एक दिवस माझी टोके एकमेकांना भेटेनात. कुशाबाईंनी ओढून पाहिले, हिंदुरावांनीही ओढून पाहिले.

“आगं, टेप संपली की!” हिंदुराव ओरडले. कुशाबाई गुंडीच्या मानेला मिठी मारून हसता हसता रडू लागल्या. मी हरले होते, आणि आयुष्यात एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.

मित्रांनो, पोट भरले म्हणजे अंग भरले, असे समजू नका. लहान जिवाला त्याला पचेल तेच द्या आणि थोडा धीर धरा. माझे आकडे आता पुसट झालेत. तरी काल गुंडीला कालवड झाली, तेव्हा आधी माझीच आठवण निघाली. हिंदुराव लगबगीने मला घेऊन वासराच्या पोटाकडे वळले, तोच कुशाबाईंनी त्यांचा हात धरला.

“तितं न्हाय, आवं. छाती मोजा.”

एकोणतीस इंच!