तिसरी तार

शुक्रवारी दुपारचे बारा वाजत आले की पोंभुर्ण्याजवळच्या त्या गावात धान कापणाऱ्या बायांचे विळे थांबत. धुऱ्यावर उभ्या राहून सगळ्या वर बघत, कारण निकेश यायचा. निकेश म्हणजे गुणवंतरावांचा धाकटा. जिल्ह्यातल्या एका खासगी विमानशाळेत तो मास्तर होता. शिकाऊ पोरापोरींना बाजूला बसवून दोन माणसांचं विमान शिकवायचा. अख्ख्या तालुक्यात असा एकच, मग गावानं डोक्यावर घेतलं तर नवल काय! गेले चार शुक्रवार तो ठरलेला रस्ता सोडून गावावर वळत होता आणि दर खेपेला थोडा आणखी खाली येत होता. त्याची आई शकुबाई थाळीत दिवा लावून स्लॅबवर चढायची आणि विमानाला ओवाळायची. तिला नीट बघता यावं म्हणून तो खाली यायचा. आणि तो खाली आला म्हणून पुढच्या शुक्रवारी ती दहा बाया गोळा करून ठेवायची. माय-लेकांचं हे असं चाललं होतं, आणि कोणाला त्यात वावगं काही दिसत नव्हतं.

या शुक्रवारी विमान पाण्याच्या टाकीपेक्षाही खालून गेलं. बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, दोघी बाया कापलेल्या धानात आडव्या झाल्या. पुढे राइस मिलच्या तारा होत्या. विमानाचं चाक आणि वरची तार यांच्यात फार तर हातभर जागा राहिली असेल, आणि विमान पलीकडे गेलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. गुणवंतराव अंगणातून बघत होते. आपल्या छातीत आता धस्स व्हायला पाहिजे, असं त्यांना वाटलं. पण झालं काही नाही. मग ते खाटेवर बसले आणि चपलेला लागलेलं शेण काडीनं काढत राहिले.

त्यांचं हे असं सात वर्षांपासून होतं. नोकरीत ते कोळसा खाणीत सरदार होते, म्हणजे पाळीतल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी त्यांच्यावर. खाणीतला कायदा साधा आहे. पाळी संपली की सरदारानं वहीत लिहायचं: धोका कुठे दिसला, किती वाजता, काय केलं. खाली सही. पुढच्या पाळीचा सरदार ते वाचून सही करतो, तेव्हाच माणसं कामावर जातात. तोंडानं सांगितलेलं खाणीत धरत नाहीत. लटारू नावाचा एक डंपरवाला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडायचा. मजा वाटायची त्याला. गुणवंतरावांनी ते तीनदा पाहिलं, तीनदा त्याला शिव्या घातल्या, पण वहीत लिहिलं नाही. आपल्या गावचा माणूस, लेकीचं लग्न तोंडावर, कशाला त्याच्या पोटावर पाय द्या! चौथ्या वेळी डंपर थांबला नाही. लटारू गेला, आणि खाली उभा असलेला पोचू, ज्याचा काही संबंध नव्हता, तोही गेला. वहीत आदल्या दिवशीच्या पानावर गुणवंतरावांच्या अक्षरात लिहिलेलं होतं: सर्व ठीक. तेव्हापासून त्यांना ना कशाचं हसू आलं, ना रडू. मोठ्या पोरीच्या लग्नातसुद्धा हा माणूस दगडासारखा बसला होता.

रविवारी निकेश जेवायला आला. शकुबाईनं वडा-भात केला होता. गुणवंतरावांनी घास मोडता मोडता विषय काढला, की बाबा रे, फार खाली येऊन राह्यला तू. निकेश हसला. म्हणाला, कोळशाच्या खड्ड्यात जन्म गेला तुमचा, तुमाले हवेतलं काय समजते? शकुबाईनंही नवऱ्यालाच झापलं, की लेकराचं कौतुक करायचं सोडून काऊन त्याच्या मागं लागता. गुणवंतराव तारांचं बोलले, तर पोरगं आणखीच खुशीत आलं.

"बाबा, या गावातली तार न् तार मले पाठ हाये. लहानपणी पतंगी अटकवल्या त्याच्यात. शायेजवळची एक, गोठणावरची एक. दोनच तर लाइनी हायेत."

"तीन हायेत," गुणवंतराव म्हणाले. "दिवाळीनंतर राइस मिलची नवी लाइन आली. शुक्रवारी तू तिच्यावरूनच गेला."

निकेशचं चावणं थांबलं. अगदी क्षणभर. मिल गावाच्या पलीकडच्या अंगाला. मोटारसायकलनं येताना ती लागत नाही. मग त्यानं पुन्हा हसून भात मागितला. पण गुणवंतरावांना जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. पोरानं तार चुकवली नव्हती. त्याला ती दिसलीच नव्हती. विमान वाचलं ते कोणाच्या हुशारीनं नव्हे, वाचलं म्हणून वाचलं. आणि बापाला हे कळलं तेव्हाही तो ताटावर बसूनच राहिला, वाढलेलं सगळं जेवला, आणि चव कशाचीच लागली नाही.

सोमवारी सकाळच्या एसटीनं ते विमानशाळेत गेले. खिशात वहीचं एक पान होतं, खाणीतल्या रिवाजानं लिहिलेलं. वार, वेळ, जागा. टाकीपेक्षा कमी उंची. बांधीत नऊ बाया. तारेपासून अंतर अंदाजे एक हात. चालकास तार असल्याचे माहीत नव्हते. खाली सही. तिथल्या मुख्य प्रशिक्षक रीता मॅडम होत्या. त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि तुम्ही कोण म्हणून विचारलं.

"बाप," गुणवंतराव म्हणाले.

मॅडमनी पान टेबलावर ठेवलं. मग त्यांनी त्या दिवशी निकेशच्या बाजूला बसलेल्या पोरीला बोलावलं. दिव्यानी तिचं नाव, कुरखेड्याची, शाळामास्तराची पोरगी, वीस-एकवीस वर्षांची. तार पाहिली होती का, असं मॅडमनं विचारलं.

"नाई मॅडम," ती म्हणाली. "मी डोये मिटले होते. सर गावाकडं वळले का मी दर वेळी मिटतो."

मॅडमनी तिला बाहेर पाठवलं आणि पान गुणवंतरावांकडे सरकवलं. त्या भल्या बाई होत्या, वाईट काही मनात नव्हतं. म्हणाल्या, हे कागदावर आलं की मला वर पाठवावं लागेल, मग चौकशी, परवाना जाईल, पुन्हा मिळेल की नाही सांगता येत नाही. त्यापेक्षा तुम्ही पान परत घ्या. मी त्याला आज समोर बसवून अशी समज देते की जन्मात विसरणार नाही.

खाणीत ते चुकले होते ती हीच जागा. लटारूलाही समजच दिली होती ना, तीही तीनदा! गुणवंतरावांनी त्या पानाकडे पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी याच पोराला खांद्यावर बसवून त्यांनी आभाळातलं विमान दाखवलं होतं. ते आठवलं तरी आत काही हललं नाही. त्यांनी पान मॅडमकडे सरकवलं. मी खाणीत सरदार होतो, तोंडी मी धरत नाई, म्हणाले. वाचल्याची तुमची सही द्या त्याच्यावर. मॅडमनी सही केली तेव्हा ते उठले.

निकेश बुधवारी घरी आला, परवाना जमा करून. तोवर शकुबाईला सगळं कळलं होतं. दोन दिवस ती नवऱ्याच्या पुढ्यात ताट आदळत होती आणि त्याच्याशी बोलत नव्हती. शेजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. बापानंच पोराचं वाटोळं केलं, हे तोवर गावभर झालं होतं. निकेशनं बॅग अंगणात टाकली आणि बापाच्या खाटेपुढे येऊन उभा राहिला. चौदा वर्षं घासली मी, म्हणाला. गावात तोंड दाखवायले जागा ठेवली नाई. दुश्मन करत नाई असं बाप करते काय. त्याचा आवाज फाटला होता, मानेवरची शीर टरारून वर आली होती, नाकातून पाणी गळत होतं आणि ते पुसायचीही शुद्ध त्याला नव्हती.

"तुमी मले मारून टाकलं, बाबा," तो म्हणाला.

गुणवंतराव त्याच्याकडे बघत राहिले. पोरगं श्वास घेत होतं, सोडत होतं, पुन्हा घेत होतं. लटारू असा भांडायला परत आला नव्हता. सात वर्षांनी पहिल्यांदा त्यांच्या आत काहीतरी हललं. त्यांनी सरकून खाटेवर त्याला जागा केली.

"बोल," ते म्हणाले. "अजून बोल."