रंगाखालची चीर

मित्रांनो, मला अकरा पायऱ्या आहेत आणि त्यांतली सातवी माझ्या जन्माची नाही. ती नंतर बसवलेली आहे, वेगळ्या लाकडाची आहे आणि बाकीच्यांपेक्षा जरा फिकी दिसते. पूर्वी कोणी तिच्याकडे बोट दाखवलं असतं तर मी लाजेने अर्धी झाले असते. आता मीच होऊन सांगतेय. मी एका रंगाऱ्याची शिडी आहे. वय विचारू नका. थंडीत सांधे कुरकुरतात, यावरून काय ते समजून घ्या.

मला घडवलं एका सुताराने. माणूस तोंडाचा तिखट आणि हाताचा मऊ. माझ्यासाठी लाकूड निवडताना त्याने तीन दिवस घालवले. जिथे गाठ दिसली ते लाकूड बाजूला टाकलं. पायऱ्या बसवून झाल्यावर तो एकेका पायरीवर उभा राहिला आणि दोनदोन उड्या मारून पाहिल्या. त्याचं पोट काही लहान नव्हतं, बरं का. मी हूं की चूं केलं नाही.

त्याच वर्षी त्याच्या मुलीचं रंगाऱ्याशी लग्न झालं, आणि मुलीच्या मागोमाग मीही त्या घरी आले. निघताना सुताराने जावयाला एकच गोष्ट बजावली. "जावईबापू, हिला तेल पाजा, पण रंग लावू नका. लाकूड उघडं असलं की चीर दिसते. रंगाखाली गेली, की ती माणूस पडल्यावरच कळते." रंगारी "हो, हो" म्हणाला. जावई सासऱ्याचं जितपत ऐकतात तितपत त्याने ऐकलं.

माझी ऐन उमेदीची वर्षं फार छान गेली. आम्ही किती छतं पाहिली, किती कोळिष्टकं काढली, त्याला गणती नाही. रंगारी वर चढला की त्याला जमिनीची आठवणच राहायची नाही. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, तोंडात शीळ. खालची माणसं मान वर करून म्हणायची, "भाऊ, जपून." तो म्हणायचा, "मला काय होतंय, माझी शिडी आहे ना." हे ऐकलं की माझे दोन्ही दांडे ताठ व्हायचे. कौतुकाची हाव मलाही होती, खोटं कशाला बोलू?

मग एका उन्हाळ्यात मी दोन महिने गच्चीवर तापत पडले. तेल लावायचं राहून गेलं. माझ्या सातव्या पायरीला, आतल्या बाजूने, केसाएवढी चीर गेली. मला ती पहिल्याच दिवशी समजली. आपल्या अंगातलं आपल्याला कळणार नाही तर कुणाला कळणार? पण मी गप्प बसले. शेजारच्या घरात एक शिडी होती. तिची पायरी मोडली तेव्हा मालकाने तिचे तुकडे करून बंबात घातले. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मला वाटलं, चीर दिसली की आपलीही गत तीच. म्हणून त्या पायरीवर पाय पडला की मी श्वास रोखून धरायचे आणि कुरकुरायचे नाही. मित्रांनो, मी तेव्हा कुरकुरले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. हे मला आजही लागून राहिलं आहे.

चीर रंगाऱ्याला दिसली. पण सुताराच्या डोळ्यांना जे दिसलं असतं ते त्याला दिसलं नाही. सुताराने पायरी बदलली असती. रंगाऱ्याचा जन्म भिंतींच्या भेगा बुजवण्यात गेलेला. त्याने काय केलं, तर भिंतीला भरतात ती लांबी चिरेत भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासली, आणि कुठल्याशा कामातून उरलेला निळा ऑइलपेंट मला डोक्यापासून पायापर्यंत दिला. अगदी प्रेमाने दिला. दोन हात दिले. सासरा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यामुळे ओरडणारं कोणी उरलं नव्हतं. सुताराची मुलगी ओरडली असती, पण ती त्या आठवड्यात भावाकडे गेली होती.

काय सांगू, मी इतकी सुरेख दिसत होते. रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. माझी चीर कुणाला दिसत नव्हती. मलाही हळूहळू वाटू लागलं की ती नाहीच.

तिसऱ्या दिवशी शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या घरी जिन्याचं छत रंगवायचं होतं. रंगाऱ्याने सातव्या पायरीवर दोन्ही पाय ठेवले आणि कोपऱ्याकडे हात लांबवला. मी मोडले. तो खाली फरशीवर पडला. त्याचा हात मोडला, दोन बरगड्या मोडल्या, आणि छताचा तो कोपरा अर्धवट राहिला.

हाडं चार महिन्यांत जुळली. डॉक्टर म्हणाले, "आता काही हरकत नाही." पण रंगारी चढेना. तो फाटकं रंगवायचा, कपाटं रंगवायचा, भिंती रंगवायचा त्या छातीपर्यंत. वरचं सगळं त्याचा जोडीदार करायचा. त्याला सगळे लंबू म्हणायचे. "लंबूचा हात वर पोचतो, मग मी कशाला मध्ये लुडबुड करू?" असं तो हसत सांगायचा. कधी खांदा दुखायचा, कधी चष्म्याचा नंबर बदललेला असायचा. एकदा तर म्हणाला, आज वारा आहे. काम बंद खोलीत होतं.

लोकही कमाल करायचे. "घाबरायचं काय त्यात?" "मर्दासारखा मर्द आणि शिडीला भितोस?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण असं कोणी म्हटलं की रंगारी आणखी मोठ्याने हसायचा आणि त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही. मला त्याने मागच्या दाराशी, तोंड भिंतीकडे करून उभी केली होती. येता-जाता म्हणायचा, "हिने दगा दिला." मी मोडकी, निळी, धुळीने माखलेली. 

असं वर्ष गेलं. मग रंगाच्या दुकानाचा मालक घरी आला. माणूस भला होता. म्हणाला, "माझ्याकडे गल्ल्यावर बस. पंख्याखाली खुर्ची आहे. सोमवारपर्यंत सांग." रंगारी लगेच हो म्हणणार होता. बायको म्हणाली, "सोमवारी सांगतील ते."

रविवारी सकाळी तिने मला अंगणात ओढत आणलं, दोन विटांवर आडवी टाकली, आणि वडिलांच्या पेटीतली पटाशी घेऊन माझा रंग खरवडायला बसली. मित्रांनो, मोडले तेव्हा मला जितकी भीती वाटली नव्हती तितकी तेव्हा वाटली. वाटलं, आता आतलं सगळं उघडं पडणार.

रंगारी चहाचा कप घेऊन दारात आला. "ही काय नसती उठाठेव? जाळून टाक म्हटलं होतं ना."

"जाळायची तर जाळू. पण आधी बघू तरी, मोडली कशामुळे ते."

"कशामुळे म्हणजे? लाकूड कुजलं असेल."

"माझ्या बाबांचं लाकूड? या इकडे. बसा."

तो बसला. मोडलेल्या पायरीचं टोक अजून माझ्या खाचेत अडकून होतं. बायकोने त्यावरचा निळा पापुद्रा काढला. आत चीर, आणि चिरेत पांढरी लांबी, छान घासून गुळगुळीत केलेली. ते कुणाच्या हातचं काम होतं हे सांगायला नको. इतकी नेटकी लांबी त्या गावात दुसरा कोणी भरत नव्हता.

रंगारी बराच वेळ त्या पांढऱ्या रेघेवर बोट फिरवत राहिला. चहा गार झाला.

"हे मी केलंय," तो म्हणाला. "वर्षभर हिला शिव्या देतोय, आणि हे माझंच."

 पटाशी चालूच होती.

"अगं, अजून एक सांगू? मला भीती वाटते. खांद्याचं, चष्म्याचं सगळं खोटं होतं."

"ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "कुठे वाटते?"

हा प्रश्न त्याला वर्षभरात कुणीच विचारला नव्हता.  तो माझ्या पायऱ्यांवर हात ठेवत मोजू लागला. "तीनपर्यंत काही नाही. चौथीला गुडघे सैल होतात. सहावीला पोटात खड्डा पडतो आणि हात दांडा सोडत नाही. सातवीला मी परत पडतो. रोज पडतो, झोपेतसुद्धा."

बायकोने खडूने चौथीवर एक खूण केली, सहावीवर एक. "झालं तर मग," ती म्हणाली. "सगळी शिडी नाही भीतीची. एवढीच आहे." आणि तिने त्याच्या हातात दुसरी पटाशी दिली.

संध्याकाळपर्यंत दोघांनी मला पार उघडी केली. माझ्या अंगावर आणखी दोन बारीक चिरा निघाल्या, एक जुनी गाठही निघाली, जी त्या तिखट सुताराच्याही नजरेतून सुटली होती. मी वाट पाहत होते की आता बंबात जाणार. पण बायकोने दांडे सैल केले, मोडकी पायरी काढली आणि वडिलांच्या उरलेल्या लाकडातून नवी तासून बसवली. चिरा तिने बुजवल्या नाहीत. त्यांच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढली आणि पुढे वाढतात का हे बघायला शेजारी तारीख लिहिली. मग मला पोटभर तेल पाजलं. इतके दिवस जे लपवण्यासाठी मी जीव मुठीत धरून होते, ते सगळ्यांसमोर होतं आणि मी शाबूत होते. मला अक्षरशः हलकं वाटलं.

सोमवारी रंगारी दुकानात गेला आणि मालकाला नाही म्हणून आला. तो अजून तिसरीच्या वर चढला नव्हता. "भीती गेली का?" मालकाने विचारलं. हा म्हणाला, "नाही. पण आता तिचा पत्ता माहीत आहे."

त्यानंतर रोज सकाळी एक नेम सुरू झाला. तो मला आडवी टाकायचा आणि पहिल्या पायरीपासून अकरावीपर्यंत तळहात फिरवायचा, सावकाश. मग रंगाच्या पालथ्या डब्यावर डोळे मिटून बसायचा आणि तसाच हात आतून स्वतःवर फिरवायचा, गुडघे, पोट, छाती, मनगटं. कुठे आवळलंय, कुठे थरथरतंय, ते नुसतं बघायचा. आधी तो भीती घालवायला बसायचा आणि उठताना चिडलेला असायचा. पुढे ते घालवणंही सुटलं. एकदा बायकोला म्हणाला, "मी बसलो की ती पण येऊन बसते. येऊ दे. आम्ही दोघं काही बोलत नाही." त्याचा चेहरा तेव्हा जसा शांत होता, तसा त्याच्या शिळेच्या दिवसांतही मी पाहिला नव्हता. याला देवाधर्माचं नाव द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी लाकूड आहे, मला एवढंच कळतं की त्याचं वजन माझ्यावर सरळ पडू लागलं.

चौथीवर तो आठ दिवस उभा राहिला. पाचवीवर पाच. सहावीवरून दोनदा खाली आला, एकदा तर घामाने भिजून. दुसऱ्या दिवशी परत चढला.

दीड महिन्याने आम्ही निवृत्त बाईंच्या जिन्यात गेलो. त्यांनी तो कोपरा दुसऱ्या कुणाकडून करून घेतला नव्हता. लंबूने मला खालून धरलं आणि म्हणाला, "भाऊ, मी करतो ना वरचं. कुणाला कळणार आहे?"

"मला," रंगारी म्हणाला.

सहावीवर तो थांबला. त्याचे गुडघे थरथरत होते आणि ती थरथर माझ्या दांड्यांतून थेट फरशीपर्यंत जात होती. मीही थरथरत होते. नवी पायरी धरेल का, हे मलाही ठाऊक नव्हतं. तो हळूच भीतीला म्हणाला, "आलीस? चल." आणि त्याने सातवीवर पाय ठेवला. मी या खेपेला श्वास रोखला नाही. कुरकुरायचं होतं तेवढी कुरकुरले. त्याने ते ऐकलं, वजन जरा डावीकडे घेतलं, आणि ब्रश डब्यात बुडवला.

कोपरा रंगवायला वीस मिनिटं लागली. बाईंनी खालून चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "जुन्या रंगाशी थोडा फरक दिसतो हो." रंगारी म्हणाला, "दिसू दे."

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात शिडी असेल तर तिला उन्हात विसरू नका, वर्षातून एकदा तेल द्या आणि नटवायच्या भरीला पडू नका. चढण्याआधी तिच्यावर हात फिरवा, मग स्वतःवर फिरवा. आणि कुणी तुमच्यापाशी येऊन "मला भीती वाटते" असं म्हणालं, तर त्याला हसू नका आणि धीराच्या गोष्टीही सांगू नका. तो माणूस नुकताच आपला रंग खरवडून आलेला असतो. त्याला आधी बसायला जागा द्या.