झणझणणारा चिसांजी

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, हा मोडका कंगवा कशाला जपून ठेवलाय? मी रागावत नाही. तळहाताएवढी लाकडी फळी आणि तिच्यावर अकरा लोखंडी पट्ट्या, एवढेच माझे रूप. पण मी वाद्य आहे, आणि लहान तोंडी मोठा घास घेऊन सांगतो, नामी वाद्य आहे. मला चिसांजी म्हणतात. सध्या माझा मुक्काम जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्ये, मुजिंगा नावाच्या गायिकेच्या घरी आहे.

माझा जन्म काँगोमधल्या एका खेड्यातला. मुजिंगाच्या आजोबांनी सायकलच्या मोडक्या चाकाच्या तारा तापवून, ठोकून चपट्या केल्या आणि माझ्या पट्ट्या घडवल्या. शेवटी डब्याच्या झाकणाचे सात पत्रे कापले, तारेत ओवले आणि माझ्या छातीवर बसवले. पट्टी छेडली की सूर उठायचा आणि मागोमाग पत्रे झणझणायचे. आजोबा म्हणायचे, नुसता सूर म्हणजे एकटा माणूस. पत्रे झणझणले की सगळे गाव सोबत गाते.

मुजिंगा मोठी झाली, लग्नकार्यांत गाऊ लागली, मग रेडिओवर. लोक आमच्यावरून जीव ओवाळून टाकत. मी जरा शेफारलोही होतो, कबूल करतो. मग गावाखाली कोबाल्ट सापडले आणि खाणवाल्यांनी गाव उठवले. मुजिंगाने त्यावर गाणे रचले. ते गाणे घरोघरी पोहोचले आणि तिच्या दाराशी शिपाई आले. ती अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. मी पिठाच्या पोत्यात दडून निघालो.

जर्मनीने आसरा दिला, हे ती कधी विसरत नाही. पण आसरा मिळणे वेगळे आणि मान मिळणे वेगळे. फोनवर रिकामी असलेली खोली तिचा चेहरा दिसताच भाड्याने गेलेली असायची. एस-बान या लोकल गाडीत तिकीट तपासणारा सगळा डबा ओलांडून आधी तिच्यापाशी यायचा. आमच्या इमारतीत जिना झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे येते, तिला केअरवोखं म्हणतात. मुजिंगाने झाडलेल्या पायऱ्यांवरून मात्र शेजारीण पुन्हा बोट फिरवून बघायची. दिवसभर कँटीनमध्ये भांडी घासून आल्यावर मला हात लावण्याचे त्राण तिच्यात उरत नसे. मी धूळ खात पडलो. रुसलोही.

मग वरच्या मजल्यावर हृषिकेश राहायला आला. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. गाडीत कुठे काही खुळखुळते, झणझणते, ते शोधून बंद करायचे, हेच त्याचे काम. घर शोधताना त्यानेही तसेच नकार पचवले होते, म्हणून दोघांचे चटकन जमले. त्याची आई मनोरमाबाई मिरजेहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि भाषेवाचून त्यांचे मुजिंगाशी गूळपीठ जमले.

यंदा, मुजिंगा गायिका आहे असे कळल्यावर, नगरोत्सवाच्या आयोजक फ्राऊ बेंडर तिच्याकडे आल्या. पाहुणे जेवत असताना बाहेरच्या दालनात तिने काही हलकेफुलके, नाचरे गावे, अशी त्यांची इच्छा. मुजिंगाने सांगितले, गाईन तर मोठ्या सभागृहात, आणि खाणीचेच गाणे गाईन. ते जेवणाच्या ताटांमागे लपवायचे असेल तर मी देश कशाला सोडला? बाईंनी माझे दोन सूर ऐकले आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्या मते मी बिघडलेलो होतो. आधी वाद्य दुरुस्त करा, शनिवारी सकाळच्या चाचणीत ऐकून ठरवू, असे म्हणून त्या गेल्या.

माझी एक पट्टी खरेच सैल झाली होती. ती घट्ट करायला मुजिंगाने मला हृषिकेशकडे दिले, आणि त्याचे हात शिवशिवू लागले. बाईंचा शेरा त्याच्या कानावर आला होताच. त्याने पट्टी तर बसवलीच, शिवाय तार उपसून सातही पत्रे काढले आणि पट्ट्यांखाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा चिकटवला. पत्रे सुक्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेले आणि शुक्रवारी सकाळी कचऱ्याची गाडी ती पिशवी घेऊन गेली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

संध्याकाळी मुजिंगा आली, तेव्हा त्याने मला मोठ्या अभिमानाने तिच्या हाती दिले. तिने अंगठा टेकवला. माझा सूर निघाला तो स्वच्छ, गुळगुळीत आणि पोरका. ती रागावली नाही. मला मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. मित्रांनो, फेकून दिले असते तरी मला इतके वाईट वाटले नसते.

भाजी निवडणाऱ्या मनोरमाबाईंनी मान वर केली. त्यांचे वडील मिरजेत तंबोरे घडवायचे.

“हृषी, अरे, तू ह्याची जवारीच घालवलीस की,” त्या म्हणाल्या. “तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा कशाला घालतात? सूर झणझणून भरावा म्हणून. तुझे आजोबा एका जवारीपायी दिवस दिवस घासत बसायचे. आणि तू बिघाड समजून फेकून दिलंस?”

हृषिकेशने मान खाली घातली आणि आईचे सगळे बोलणे मुजिंगाला जर्मनमध्ये सांगितले, स्वतःला बसलेल्या बोलण्यांसकट. मुजिंगा उठून मनोरमाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. या देशात पहिल्यांदाच तिला काही समजावून सांगावे लागले नव्हते.

मनोरमाबाईंनी लाडवांच्या डब्याचे पत्र्याचे झाकण पुढे केले. हृषिकेशने नमदा खरवडून काढला, झाकणाचे सात पत्रे कापले. मुजिंगा वाजवायची, मनोरमाबाई हाताने खुणावायच्या, अजून सैल, आता थोडा घट्ट. सातवा पत्रा बसला आणि माझ्या छातीत गाव परत आले.

चाचणीत फ्राऊ बेंडर पुन्हा कपाळाला आठ्या घालून बसल्या. मुजिंगा म्हणाली, मी पत्र्यांसकट गाईन, नाहीतर गाणार नाही. हृषिकेश उभा राहिला. तो म्हणाला, नको असलेला आवाज बंद करणे हा माझा धंदा आहे, आणि मी सांगतो, बिघाड वाद्यात नव्हता, माझ्या कानात होता. बाई म्हणाल्या, आल्झो, बरं तर, सगळं गाणं ऐकवा. ऐकल्यावर त्यांनी अर्थ विचारला. अर्थ समजल्यावर कार्यक्रमपत्रिका काढली आणि मुजिंगाचे नाव स्वतःच्या हाताने सभागृहाच्या यादीत लिहिले.

त्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरले होते. निम्मी माणसे मोटारींच्या कारखान्यातली. मुजिंगा मला घेऊन मधोमध उभी राहिली.

“तुमच्या नव्या, विजेवरच्या गाड्या आवाज न करता धावतात,” ती म्हणाली. “कितीतरी गाड्यांच्या पोटात आमच्या जमिनीतलं कोबाल्ट आहे. गाडीचा आवाज खुशाल बंद करा. माणसांचा करू नका.”

मग ती गायली. मित्रांनो, काय गायली! मी जीव तोडून झणझणलो. तिसऱ्या कडव्यापासून लोक पायांनी ठेका धरू लागले, शेवटचे पालुपद सगळ्या सभागृहाने तिच्या भाषेत म्हटले, आणि माणसे उभी राहिली ती खाली बसेनात. मनोरमाबाई डोळे पुसत होत्या आणि हृषिकेशच्या पाठीवर थापा मारत होत्या. आता आम्हाला रेगेन्सबर्ग आणि हॅम्बर्गहून बोलावणी आली आहेत, मोठ्या सभागृहांची. भांडी घासण्याची नोकरी तिने गेल्या महिन्यात सोडली.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने वाद्य तुमच्या घरी असेल तर त्याची धूळ पुसा, लाकडाला तेल लावा, सैल पट्टी घट्ट करा. पण परक्या सुरात काही खटकले तर लगेच पक्कड उचलू नका. ज्याचे गाणे आहे त्याला विचारा, आणि ते शेवटपर्यंत ऐका.