बॅटरी बंद करा

दिवेआगरहून श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. उजव्या हाताला एवढं पाणी पसरलेलं, आणि मी पिकअपच्या दोन्ही काचा वर करून डावीकडच्या झुडपांवर डोळा ठेवून चाललो होतो. आम्हा घाटावरच्या न्हावरे गावच्या माणसांची नजर आता अशीच झाली आहे. आमच्याकडे बिबट्या उसात असतो, आणि ऊस सगळीकडे असतो.

एका वळणावर पाचसहा गाड्या थांबल्या होत्या. लोक पाण्याकडे बोटं करून ओरडत होते, डॉल्फिन, डॉल्फिन. मीही थांबलो. सवयीने दोनदा हॉर्न दिला, दारावर आतून दणके घातले आणि मगच खाली उतरलो. टोपीवाल्या एका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कीर्तनात शिरलेला दारुडा.

"अहो, जनावरं घाबरतात ना!"

"घाबरावीत म्हणूनच वाजवला," मी म्हणालो. तोवर पाणी सपाट झालं होतं. पुढे एका सुळक्यावर पांढऱ्या पोटाचा मोठा गरुड बसला होता, तो मात्र काचेतूनच पाहिला. करिश्माला त्याचं नाव माहीत असतं.

गावात सगळे माझ्याबद्दल म्हणाले, भारत एकटाच कोकणात फिरायला गेला. गेला बुवा फिरायला! हौस फिटायची राहिली होती ना माझी.

करिश्मा आमची मुलगी, तिसरीत होती. जनावरांचं भारी वेड. मागे आमच्या उसात तोडणीवाल्यांना बिबट्याची पिल्लं सापडली, तेव्हा वनखात्याच्या लोकांनी ती क्रेटमध्ये घालून बांधावर ठेवली होती. रात्रीत मादी येऊन घेऊन गेली. सकाळी रिकामं क्रेट बघून करिश्मा वस्तीभर नाचली होती, "आई आली न्यायला, आई आली न्यायला!" त्यानंतर तिने टीव्हीवर कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहिली आणि माझ्यामागे लागली. आप्पा, ती दाखवा. कांदा निघाला की जाऊ, असं ठरलं होतं.

यंदा दिवाळीनंतर, दिवेलागणीला, ती दुधाची किटली घेऊन घरातून गोठ्याकडे निघाली. त्याच वेळी लाइट गेली. बिबट्या उसातून आला. यापुढचं मी कुणाला सांगत नाही. ही तीच मादी होती का, असं मला अख्ख्या गावाने विचारून झालंय. जशी काही तिने मला ओळख दिली होती.

तेव्हापासून माझी बायको सविता बोलायची बंद झाली. अंगणातले दिवे भरदुपारीही चालू ठेवते. गोठ्यावर दिवसरात्र मोबाइलची गाणी लावते. गेल्या आठवड्यात ती आपणहून एवढंच म्हणाली, "तिला दावायचं हुतं ते तुम्ही तरी बघून या. एक तरी पिल्लू सुखरूप पान्यात जाताना बघा, आन् मला सांगा." तेवढ्यासाठी मी आलो होतो. ते बघितलं तर सविता पुन्हा बोलायला लागेल, असं मला वाटत होतं. दुसरं काही करण्यासारखं राहिलंच नव्हतं.

संध्याकाळी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर दोरी बांधून आम्हाला मागे उभं केलं होतं. कासवं राखणाऱ्या काकांनी पिल्लांची टोपली वाळूवर आणली. पिल्लं घरट्याच्या वाळूतून उशिरा वर आली होती, तोवर सूर्य बुडाला होता. टोपली कलती केली. पिल्लं बाहेर पडली, तळहाताहून लहान, आणि पाण्याकडे निघाली.

पण अंधार दाटायला लागला आणि माझे हात आपोआप चालले. मोबाइलवर गाणं मोठ्याने लागलं, दुसऱ्या हातात बॅटरी पेटली. आमच्याकडे दिवस बुडाल्यावर कुणी याशिवाय पाऊल उचलत नाही.

पिल्लं थांबली. मग एकेक करून वळली आणि माझ्याकडे यायला लागली.

"बॅटरी बंद करा!" सगळीकडून ओरडा झाला. गाणं मी बंद केलं. बॅटरीच्या बटणावर अंगठा होता, पण तो दबेना. माझ्या मागे सुरूचं बन होतं. बनात काही नाही, हे मला कोण छातीठोकपणे सांगणार होतं?

काका जवळ आले. त्यांनी बॅटरीवर हात धरला. "दादा, ती उजेडाकडे येतात. तुमच्याकडे आली तर मरतील."

मी बंद केली. सगळं काळं झालं. मी दात आवळून उभा राहिलो. लाटेचा आवाज येत होता, पण दिसत काही नव्हतं. एवढ्या लांबून जे बघायला आलो होतो, ते माझ्यासमोरच घडत होतं आणि मला दिसत नव्हतं.

"गेली का?"

"गेली सगळी."

"आणि त्यांची आई?"

"ती अंडी घालून जाते, दादा. परत फिरकत नाही."

गाडीत बसलो, आतला दिवा लावला आणि सविताला फोन केला. खोटं बोलायचं ठरवून केला होता, पण जमलं नाही.

"बघितलं का?"

"न्हाई. अंधार करावा लागतो. पर गेली म्हनत्यात."

"मंग त्यांची आई हुती का तिथं?"

"न्हाई. ती अंडी घालून निघून जाती. पिल्लांचं काय झालं, तिला म्हाईतच नसतं."

"बरं हाय तिचं," सविता म्हणाली.

फोन तिने ठेवला नाही. पलीकडे गोठ्यावरचं गाणं वाजत होतं. ते संपलं, दुसरं लागलं, तरी मी फोन कानालाच धरून बसलो होतो.