ईशान्येची शिला

आपल्या हातून घडलेला दोष दुसऱ्याच्या माथी ठेवून मनुष्य पन्नास वर्षे स्वस्थ चित्ताने पूजाअर्चा करू शकतो. समाज त्याला अडवीत नाही. कारण समाजाला गोष्ट हवी असते, आणि दोषी ठरणारा माणूस गरीब असला की गोष्ट अधिकच रुचकर लागते. मातीला मात्र गोष्टी ऐकण्याची सवय नाही. तोलवेल तेवढे ती तोलते, आणि तोलवेनासे झाले की अवाक्षर न काढता खाली बसते.

निजामपुऱ्यातील वसंतराव पुराणिकांच्या बंगल्याचा ईशान्य कोपरा असाच खाली बसत चालला होता, आणि नेमके त्याच कोपऱ्यात देवघर होते. समईतले तेल एका अंगाला जमे. देवघराचे दार गेल्या दिवाळीपासून अर्धेच उघडत असे, त्यामुळे वसंतरावांना देवापुढे जाताना आधी खांदा घालावा लागे आणि मग भक्तिभाव. भिंतीतली भेग उदबत्ती उभी राहील इतकी रुंद झाली होती. सून नीरजा हिने तिच्यावर कालनिर्णयाएवढे एक कॅलेंडर टांगून घराण्याची अब्रू राखली होती. पावसाळ्यात बडोद्याची काळी माती फुगे, उन्हाळ्यात आक्रसे, आणि दर वर्षी कॅलेंडर थोडे मोठे आणावे लागे.

या दुखण्याचे निदान वसंतरावांजवळ तयार होते. "खोडाभाई कडियाने माझा पाया खाल्ला." खोडाभाई म्हणजे हा बंगला बांधणारा गवंडी. मुंजीत, बारशात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा हात पुढे करता करता, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारले होते की आता ते गायत्रीसारखे आपोआप मुखातून येई. त्यांचे आजोबा संस्थानच्या धर्मखात्यात होते. स्वतः त्यांनी अडतीस वर्षे संस्कृत शिकविले होते. असा मनुष्य एका गवंड्याविषयी बोलला तर प्रमाण कोण मागणार? बडोद्यातल्या मराठी घरांनी खोडाभाईला एकामागून एक दारे लावली. तो कोयलीला गेला आणि रिफायनरीच्या बाजूला कोणा ठेकेदाराच्या हाताखाली मालाची घमेली वाहू लागला. ते कानावर आले तेव्हा वसंतराव एवढेच म्हणाले होते, "ज्याला त्याला आपापली जागा मिळते."

शेवटी त्यांचा मुलगा वरद, जो नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात नोकरीला होता, त्याने वडिलांना न विचारता मुग्धा नावाच्या इंजिनियर मुलीला घरी आणले. वय तिशीच्या आत, पायात जाड बूट, खिशात टेप. पंचपात्रीत कोणी आइस्क्रीमचा चमचा बुडवावा तसे वसंतरावांनी तिच्याकडे पाहिले.

"कोणाची गं तू?"

"आईबापांचीच, आजोबा. आधी कोपरा बघू?"

तिने कोपरा पाहिला, भेगा मोजल्या, देवघराच्या फरशीवर एक गोटी ठेवून ती कुठे जाते ते पाहिले, आणि ओट्यावर बसून सांगू लागली. "पोलादी नळ्या एकीवर एक जोडत जमिनीत दाबायच्या. दाबायला जॅक, आणि जॅकला जोर तुमच्या घराच्याच वजनाचा. खाली घट्ट थर लागला की नळी पुढे सरकत नाही. मग प्रत्येक नळीच्या डोक्यावर लोखंडी कंस बसवून पाया त्यावर टेकवायचा. त्यानंतर माती फुगू दे नाहीतर सुकू दे, घराला काही फरक पडत नाही."

"म्हणजे पुराणिकांच्या घराला कुबड्या."

"तुमच्या डाव्या गुडघ्यात पोलाद बसवलंय ना? आजींनी सांगितलं. त्याला कुबडी म्हणता का?"

स्वयंपाकघरातून अहल्याबाईंचे, म्हणजे वसंतरावांच्या पत्नीचे, हसू ऐकू आले. वसंतरावांनी ते ऐकले नाही असे ठरविले.

"आणि मुहूर्त?"

"सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. मजूर तेवढ्यातच येतात, आजोबा."

ज्यांना पाया म्हणजे केवळ खड्डा वाटतो त्यांच्याशी वाद कसला घालायचा, असे मनाशी म्हणून त्यांनी संमती दिली. पण त्या संमतीमागचे कारण निराळे होते. खणल्यावर खोडाभाईची चोरी उघडी पडणार, पन्नास वर्षांच्या वाक्याला पुरावा मिळणार! म्हणून खणायच्या दिवशी त्यांनी शेजारच्या बळवंतरावांना मुद्दाम बोलावून घेतले आणि खड्ड्याच्या कडेला दोन खुर्च्या मांडविल्या, जणू काही गाण्याची बैठकच होती.

मजुरांनी प्रथम इतर तिन्ही कोपऱ्यांना खड्डे घेतले. तिन्हीकडे पाया साडेआठ फूट खोल निघाला. दुपारी ईशान्येचा कोपरा उघडला. मुग्धा शिडीने खाली उतरली आणि तिथून ओरडली, "इथे साडेचारच!"

"पाहिलंत!" वसंतराव खुर्चीतून अर्धे उठले. "चार फूट गिळले. जवळजवळ अर्धा पाया!"

"देवघराखालीच?" बळवंतरावांनी जीभ चावली. "यांना देवाची सुद्धा भीती नाही हो."

मुग्धाने हातोडी घेऊन खालच्या विटांवर दोन ठोके मारले. खणखणीत आवाज आला. तिने सांध्यात छिन्नी घालून पाहिली, छिन्नी शिरेना. मग ती वर आली, हात झटकले आणि म्हणाली, "आजोबा, चोर असा बांधत नाही. आजही हा माल फुटत नाहीये. आणि ज्याने तीन कोपरे साडेआठ फूट नेले त्याला हाच कोपरा चुकवून काय मिळणार होतं? खाली सगळा भराव आहे, बुजवलेल्या तळ्याची पोची, भुसभुशीत माती. गवंड्याला हे पहिल्या फावड्यात कळतं. त्याला आणखी खोल जायचं असणार. कुणीतरी थांबवलंय."

वसंतरावांची दृष्टी खड्ड्यात विटांच्या बाहेरच्या कडेला लागलेल्या एका चौकोनी दगडावर गेली होती. दगडावर हिरवट पडलेला तांब्याचा कलश होता. ती पायाभरणीच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातांनी पूजिलेली शिला होती.

चहाचा ट्रे घेऊन अहल्याबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी ट्रे बळवंतरावांच्या मांडीवरच ठेवला.

"यांनी थांबवलं," त्या मुग्धेला म्हणाल्या. "मी तिथेच होते, हळदकुंकवाचं तबक धरून. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. खोडाभाई खड्ड्यातून म्हणाला, 'शास्त्रीजी, हजी चार फूट. माटी पोची छे.' अजून चार फूट खाली जाऊ म्हणत होता. आणि हे मनगटाकडे बघत होते. अभिजित मुहूर्त टळत होता ना! 'इथेच ठेव,' म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो बिचारा परत आला. म्हणाला, शिला काढतो, खाली खणतो, पुन्हा ठेवतो. त्यावर यांचं उत्तर काय, तर स्थापित शिला हलवत नाहीत."

"हलवत नाहीतच," वसंतराव क्षीण स्वरात म्हणाले. "शास्त्र आहे ते."

"पाणी किंवा खडक लागेपर्यंत खणावं, हेही शास्त्रच आहे. तुम्हीच शिकवत होतात मुलांना. ते त्या दिवशी घड्याळात दिसलं नाही वाटतं." मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणि मी पन्नास वर्षं तुमची गोष्ट ऐकत लाडू वळले. मी काही मोठी सती नव्हे."

मनुष्याला स्वतःविषयी तिरस्कार वाटावा असे प्रसंग आयुष्यात थोडे येतात, आणि विद्वानाला तर फारच थोडे. कारण असा प्रसंग परतवून लावण्यापुरती वचने त्याला पाठ असतात. वसंतरावांनी तशी दोन-तीन वचने मनात उलटीसुलटी करून पाहिली. समोर विटा होत्या, पन्नास पावसाळे ओल्या मातीत राहूनही न फुटलेल्या. खाल्ला गेला होता तो पाया नव्हे. एका गवंड्याचा हात खाल्ला गेला होता, आणि तो त्यांनी आरतीच्या प्रसादाबरोबर घासाघासाने खाल्ला होता. आपण इतके क्षुद्र असू शकतो, हे त्यांना कोणत्याही ग्रंथात वाचायला मिळाले नव्हते.

"ही शिला काढावी लागेल का?" त्यांनी मुग्धेला विचारले.

"हो आजोबा. कंस नेमका तिथेच बसतो."

"मग ज्याने ठेवली त्यानेच ती काढावी. काम उद्यापर्यंत थांबव, बाळ. वरद, सकाळी गाडी घेऊन कोयलीला जा. खोडाभाईंना शोधून आण. येत नाही म्हणाले तर मला कळव, मी स्वतः येईन."

"अहो वसंतराव," बळवंतराव मांडीवरचा ट्रे सावरत म्हणाले, "आता या वयात त्या कडियासमोर कशाला मान खाली…"

"उद्या तुम्हीही या, बळवंतराव. इतकी वर्षे माझ्याकडे खोटे ऐकायला आलात. एक दिवस खरे ऐकायला या."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास खोडाभाई आले. ऐंशीच्या घरातले, सडपातळ, हातात काठी, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. वरदने दार उघडून आत बोलावले, पण ते दाराने आत गेले नाहीत. सरळ खड्ड्यापाशी गेले, वाकून शिला पाहिली, विटा पाहिल्या, आणि मग वसंतरावांच्या मनगटाकडे पाहिले.

"केम शास्त्रीजी? आज घड्याळ नाही बांधलं?"

वसंतरावांनी ते खरोखरच काढून ठेवले होते. बळवंतराव होते, सोसायटीतली आणखी चार माणसे होती, मजूर होते. त्या सर्वांसमोर ते म्हणाले, "खोडाभाई, या कोपऱ्यात तुम्ही सांगितले ते मी ऐकले नाही. चूक माझी होती, आणि मी ती तुमची म्हणून गावभर सांगितली. तुम्ही चोरी केली नाही. ती मी केली."

खोडाभाईंनी काठीच्या टोकाने माती उकरली.

"हे तेव्हा बोलला असतात," ते म्हणाले, "तर माझी थापी आज माझ्या मुलाच्या हातात असती. तो गेटवर उभा राहून गाड्यांचे नंबर लिहितो. त्याला एक वीट सरळ लावता येत नाही. कडियाचा मुलगा! आता तुम्ही सॉरी म्हणा नाहीतर श्लोक म्हणा, तो काही शिकणार नाही."

वसंतरावांनी धोतर खोचले आणि पोलादाच्या गुडघ्यासह शिडीवर पाय ठेवला.

"बाबा!" वरद ओरडला.

"यांचे वय खाली उतरण्याचे नाही. ते वरून सांगतील, मी उचलेन."

"अने मारूं वय तमारा करतां केटलुं मोटुं? तुमच्याहून मी असा कितीसा मोठा?" खोडाभाई गुरगुरले, पण काठी टेकून कडेवर बसले. "बरं. कलश आधी. दोन्ही हातांनी! लग्नातलं ताट उचलताय का? आता दगड. डावीकडून हलवा. डावीकडून! अहो, अडतीस वर्षं मास्तरकी केली आणि डावा हात कळत नाही?"

मजूर हसले. अहल्याबाई हसल्या. वसंतराव घामाने निथळत, मातीत गुडघे टेकून, शिष्याप्रमाणे सांगितले तसे करीत होते. एका मजुराने वरून दोर सोडला आणि शिला वर आली. खोडाभाईंनी तिच्यावरची माती आपल्या सदऱ्याच्या बाहीने पुसली; ती बाही इस्त्रीची होती, हे त्यांच्या लक्षात राहिले नाही.

मग नळ्या जाऊ लागल्या. जॅकचा काटा हळूहळू चढत होता, मुग्धा आकडे सांगत होती, आणि खोडाभाई तिच्या शेजारी बसून ते ऐकत होते, जणू आपल्याच कामाची मापे कोणी वाचून दाखवीत आहे. सव्वीस फुटांवर नळी थांबली. घट्ट थर.

"सव्वीस," खोडाभाई पुटपुटले. "मी आठच म्हणत होतो. मीही चुकलोच असतो."

"आठ फूट गेला असता तर भिंत एवढी फाटली नसती," मुग्धा म्हणाली. "पण बसली असती थोडी. खरं ते सांगते, दादा."

"बराबर," ते म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच हसले.

दोन दिवसांनी सर्व नळ्या बसल्यावर मुग्धेने कोपरा केसाकेसाने वर घेतला. घर कण्हले. नीरजाचे कॅलेंडर भिंतीवरून खाली पडले. आणि देवघराचे दार, कोणी हात न लावता, कुरकुरत पूर्ण उघडले.

त्या दिवशीही खोडाभाई आले होते. निघताना वसंतरावांनी शिलेचे काय करावे असे विचारले. "पायरीला लावा," ते म्हणाले. "येणाऱ्याचा पाय पडू द्या. आणि चहा गोड होता. बाकीचं पाहू." क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, आणि वसंतरावांनी मागितली नाही.

सायंकाळी समई लावली. तेल सगळीकडे सारखे उभे होते. वसंतराव खांदा न घालता, सरळ, दारातून आत आले. रोजच्या संकल्पात ते प्रथम आपले गोत्र उच्चारीत. आज त्यांनी प्रथम खोडाभाईंचे नाव घेतले, मग त्यांच्या मुलाचे, मग मुग्धेचे, आणि ज्यांची नावे ठाऊक नव्हती त्या मजुरांचे. अहल्याबाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या.

"यांच्या हातांना आरोग्य असो," ते हळू आवाजात म्हणाले. "यांच्या घरची दारे सुखाने उघडोत. आणि या घरात जे बोलले जाईल, त्याच्या खाली घट्ट जमीन असो."