मागचं डावं दार

आमच्या गाडीचं मागचं डावं दार आपटूनच लावावं लागायचं. दसऱ्याच्या आधी कपिलनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फाटकातून गाडी काढताना ते खांबाला घासलं होतं. तेव्हापासून नुसतं लोटलं की टेकलेलं दिसायचं, पण लागलेलं नसायचं. मी ते रोज आपटायची, वळसा घालून स्टिअरिंगवर येऊन बसायची आणि मागे न बघता विचारायची, "लागलं का?" सलोनी हातानं दार ढकलून बघायची आणि सांगायची, "लागलं." साडेचार वर्षांच्या पोरीला मिळालेलं पहिलं जबाबदारीचं काम. कधी कधी कळंब येईपर्यंत गाणं म्हटल्यासारखं चालायचं, लागलं लागलं लागलं.

मी काळजी करणारी आई आहे, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. द्राक्षं मी अजून चिरून देते. सासूबाई म्हणतात, "पोट्टी हाय का काचेची बरणी व?" आदल्या संध्याकाळी सलोनीनं गावाच्या वळणावर चालत्या गाडीचं दार आतून उघडलं. गाडी हळू होती, काही झालं नाही. पण घरी आल्यावर मी ते दार उघडलं आणि त्याच्या कडेला असतो तो छोटा खटका खाली केला. चाइल्ड लॉक. आता दार फक्त बाहेरून उघडणार. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा बरणी निघाली असती.

दुसऱ्या दिवशी शाळेत निळा घोटीव कागद न्यायचा होता. तो घरी नव्हता, म्हणून कळंबला स्टँडजवळच्या दुकानापाशी थांबले, कागद घेतला, सलोनीला मागे बसवलं. पावणेदहा वाजून गेले होते. मागे कापसाच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या, हॉर्न सुरू झाले होते. मी दार आपटलं. नेहमीपेक्षा जोरात आपटलं असेल. दारातून काहीतरी तुटल्यासारखा बारीक आवाज आला, तो मी ऐकला आणि सोडून दिला.

गाडी काढता काढता विचारलं, "लागलं का?"

"लागलं," ती म्हणाली.

"शाब्बास."

"मम्मी, लागलं."

"हो गं, कळलं मला."

तिसऱ्यांदा तिनं ते म्हटलं तेव्हा शब्द मध्येच फुटला. मी आरशात बघितलं. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. उजवा हात वर, दाराच्या मागच्या कडेपाशी, काहीतरी धरून ठेवल्यासारखा. बोटं दिसत नव्हती.

दुकानापासून मी गाडी थांबवली तिथपर्यंत दोनशे पावलं असतील. तेवढं अंतर मी पोरीला शाब्बास म्हणत गाडी चालवली. माझं मराठी पदवीपर्यंत झालं आहे. 'लागणं' या शब्दाचे किती अर्थ होतात ते मी परीक्षेत लिहिलेलं आहे.

उतरून धावले, बाहेरचं हँडल ओढलं. ते हातात सैल आलं. वजनच नव्हतं त्याला, नुसतं वरखाली होत होतं. पुन्हा ओढलं, पुन्हा. मग पलीकडच्या दारानं आत शिरले, सलोनीच्या अंगावरून हात घालून आतलं हँडल खेचलं. काहीच झालं नाही. मी ते पाच-सहा वेळा खेचलं आणि मगच मला आदल्या संध्याकाळचा खटका आठवला. तो दाराच्या कडेला असतो. दार बंद असताना तिथे हात पोचत नाही.

एव्हाना सलोनीचा आवाज फुटला होता.

मी कपिलना फोन लावला. ते सोयाबीनच्या गाडीसोबत पहाटेच महागावला गेले होते.

"अहो, मागचं दार उघडत नाहीये. सलोनीची बोटं आहेत त्यात."

"आतून उघड ना! बाहेरच्या हँडलची दांडी सुटली अशीन. मी सुतळीनं बांधली व्हती आठ दिवसाआंधी."

"सुतळीनं?"

"क्लिप मिळाली नोयती. आतून उघड, निकिता, आतून!"

"आतून नाही उघडत. मी चाइल्ड लॉक लावलंय."



"कधी?"

"काल."

मी फोन सीटवर टाकला.

माझ्या मागे जो ट्रॅक्टर अडकला होता त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत खाली उतरला होता. देवसिंग त्याचं नाव. तो आला शिव्या द्यायलाच, "बाई, गाडी काय घरच्या अंगणात लावली का," असं म्हणतच. खिडकीतून आत बघितलं आणि जीभ चावली. "अरे माय," म्हणाला आणि वळून ट्रॅक्टरकडे पळाला. आला तेव्हा हातात पहार होती. "सरका सगळे. एका झटक्यात काढतो."

तेवढ्या वेळात पंधरा-वीस माणसं जमली होती. काच फोडा म्हणत होते, ग्राइंडर आणा म्हणत होते. काच फोडून काय होणार होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. मी देवसिंगला म्हटलं, "करा, लवकर करा." आणि त्यानं पहारीचं टोक दाराच्या फटीत लावलं.

"ए! हात नको लावू दाराले!"

रस्त्याच्या पलीकडून हबीब मिस्त्री येत होते. डेंटिंगचं त्यांचं गॅरेज तिथं समोरच आहे. वय साठच्या पुढे, एका पायानं लंगडतात, म्हणून धावता येत नव्हतं. आवाज मात्र आधी पोचला.

"चाचा, एका मिनटाचं काम हाय," देवसिंग म्हणाला.

"हाव, एकाच मिनटाचं हाय. पहार टेकवशीन कुठी? तिच्या बोटावरच ना? मंग दार निघन आन् बोटं बी निघतीन." त्यांनी देवसिंगच्या हातातून पहार काढून घेतली. माझ्याकडे बघितलं. "ताई, पंधरा मिनटं द्या मले. आतून पॅड खोलतो, लॉकपर्यंत जातो. दुसरा रस्ता नाही."

पंधरा मिनिटं. सलोनी ओरडत होती आणि मला पंधरा मिनिटं मागितली जात होती. मी दोघांकडे बघितलं. पहार एका मिनिटाची होती.

"तुम्ही करा, चाचा," मी म्हटलं.

हबीब चाचांची बायको आयशाबी मागोमाग आल्या होत्या, डोक्यावरची ओढणी सावरत. त्या काही न विचारता पलीकडच्या दारानं आत शिरल्या आणि सलोनीला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या हाताला ताण बसू नये म्हणून. "ना बेटा, हात हलवाचा नाही. माझ्या पोटाले टेक. तुझं नाव काय? सलोनी? मले वाटलं हेमामालिनी." सलोनी हसली नाही. पण एक क्षण थांबून तिनं त्यांच्याकडे बघितलं.

चाचा पुढची सीट सरकवून मध्ये आडवे झाले. हँडलचे स्क्रू, हात टेकायच्या जागेचे स्क्रू. मग दाराचं पॅड, म्हणजे आतलं आवरण, एकेका बटनापासून सुटायला लागलं, टक, टक. ते घाई करत नव्हते. मला ते असह्य होत होतं आणि मला हेही कळत होतं की त्यांनी घाई केली तर पॅड तिच्या हातावर आदळेल. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं. दर मिनिटाला बघत होते.

सहाव्या मिनिटाला सलोनीचं रडणं थांबलं. मला वाटलं, बरं झालं. आयशाबींचा चेहरा बघितला आणि बरं वाटणं गेलं. सलोनीचं कपाळ घामानं ओलं होतं, ओठ पांढरे. "तिले झोपू नका देऊ," चाचा दाराच्या आतूनच म्हणाले. आयशाबी तिचे गाल थोपटत राहिल्या.

पॅड निघालं. आत पत्र्याच्या भोकातून सुतळीचं टोक लोंबत होतं. चाचांनी ते बघितलं, माझ्याकडे बघितलं. भोकात मनगटापर्यंत हात घातला, दुसऱ्या हातानं स्क्रू ड्रायव्हर. लॉकचा खटका त्यांनी उचलला. उचललेला मलाही ऐकू आला.

दार उघडलं नाही.

"तिढ्यात बसलं हाय," चाचा म्हणाले. "आंधीच वाकडं, त्यात मंधात बोटं. लॉकवर सारा जोर येऊन राह्यला." त्यांनी हात भोकातच ठेवला. "ताई, बाहेरून दार आत दाबावं लागन. इवलुसं. थे दाबलं की मी खटका उचलतो, मंग सुटन."

"आत दाबायचं? बोटं आहेत ना तिथं."

"हाव. म्हणूनच तुमाले सांगून राह्यलो, कोणाले नाही."

देवसिंग दाराशी उभा होता, त्यानं दोन्ही पंजे पत्र्यावर ठेवलेही. "मी दाबतो, बाई. तुम्ही तिकडं तोंड करा."

"तू नको," चाचा म्हणाले. "तू ट्रॉली ढकलल्यासारखा ढकलशीन."

मी त्याला बाजूला केलं. दुसऱ्या कुणाच्या हाताला किती जोर लावायचा ते कळणार नव्हतं. मला तरी कुठं कळणार होतं, पण चुकलं तर ते माझ्या हातून चुकावं, असं काहीतरी माझ्या मनात आलं. विचार नव्हता तो. मी फक्त हात ठेवले, हँडलच्या वर, पत्र्यावर.

काचेच्या पलीकडे सलोनी होती. आयशाबींनी ओढणी तिच्या डोळ्यांवर घ्यायचा प्रयत्न केला, तिनं मान फिरवून ती काढली. मला बघितलं. माझे हात बघितले.

"मम्मी, नको."

"दाबा," चाचा म्हणाले.

मी दाबलं. ती किंचाळली तसं किंचाळणं मी तिच्या जन्मापासून कधी ऐकलं नव्हतं. आतून खट् झालं आणि चाचा म्हणाले, "सटकला. अजून एक डाव."

मी हात काढले होते. ते परत ठेवावे लागले.

"ताई. दाबा."

दुसऱ्यांदा मी डोळे मिटले नाहीत. पहिल्या वेळेला मिटले होते, म्हणून जोर कमी पडला असेल असं मला वाटलं. दाबलं. आत काहीतरी सुटलं आणि दार माझ्या हातांखालून बाहेर आलं, इतकं सहज की मी मागे गेले आणि देवसिंगनं मला धरलं.

यवतमाळपर्यंत आम्हाला हबीब चाचांनीच नेलं, त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून. सलोनीचा हात आयशाबींच्या ओल्या ओढणीत होता. ती रडत नव्हती. वाटेत मी तिला दोनदा हाक मारली. ती आयशाबींच्या कुशीत तोंड घालून होती.

कपिल दुपारी अडीचला दवाखान्यात पोचले. मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर होते. ते येऊन शेजारी बसले. अंगावर सोयाबीनची धूळ होती. 

"तुले सांगाचं राहून गेलं," ते म्हणाले. "सुतळीचं."

"माझंही," मी म्हटलं.

ते एवढं सरळ होतं. दोघांपैकी एकानं रात्री जेवताना एक वाक्य बोलायचं होतं. आम्ही त्या जेवणात काय बोललो होतो ते मी आठवायचा प्रयत्न केला. कापसाच्या वेचणीला बाया मिळत नाहीत, हे बोललो होतो.

डॉक्टर बाहेर आले ते तरुण होते, माझ्याच वयाचे. मधलं बोट वाचेल म्हणाले, वाकडं राहील कदाचित. अंगठ्याजवळचं पहिल्या पेरापासून काढावं लागलं. हाडाचा चुरा झाला होता. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिता लिहिता विचारलं, "दोनदा चेंगरलं होतं का? तशा खुणा आहेत. एकदा दार लागताना, ते समजलं. नंतर परत?"

कपिल माझ्याकडे बघायला लागले.

"तीनदा," मी म्हटलं. "नंतरचं दोनदा मी."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मी त्यांना सगळं सांगितलं, तिढा, खटका, आत दाबणं. विचारायचं ते शेवटी विचारलं, "पहारीनं काढलं असतं तर?"

"ते सांगता येत नाही," ते म्हणाले. "आता त्याचा विचार करू नका." आणि गेले. डॉक्टर लोक असंच सांगत असतील सगळ्यांना, पण मला त्यांच्या आवाजातून उत्तर शोधायचं होतं आणि मी अजून ते शोधते.

चारच्या सुमारास आत जाऊ दिलं. सलोनी जागी होती. उजवा हात पांढऱ्या पट्टीचा मोठा गोळा झालेला, उशीवर ठेवलेला. कपिलनी तिच्या केसांवरून हात फिरवला. ती त्यांना म्हणाली, "पप्पा, पाणी." त्यांनी चमच्यानं पाजलं. ती प्यायली. ते खुर्चीवरून उठले आणि मला म्हणाले, "ये, बस तू."

मी बसले. माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना, म्हणून पलंगाच्या कडेवर ठेवले, तिच्यापासून जरा लांब.

सलोनीनं माझ्या हातांकडे बघितलं. मग पट्टीचा हात हळूच ओढून चादरीखाली घेतला. थोड्या वेळानं दुसराही, चांगला होता तोही, चादरीखाली नेला आणि चादर हनुवटीपर्यंत घट्ट धरून ठेवली, आतून.