अर्धं पाऊल मागे

"दोरी कशाला हो? पळून जाईल म्हणून?" मागून कुणीतरी विचारलं.

"मीच पळून जाईन म्हणून," धाकटी म्हणाली, आणि आजूबाजूचे चारदोन जण हसले.

ऑपरेटरही हसला. मॅरेथॉन सुटायला अजून थोडा अवकाश होता. माणसं खेटून उभी होती, मलमांचा झणझणीत वास हवेत होता आणि जो तो आपल्या गुडघ्याविषयी बोलत होता. लहानपणच्या एका तापानं ऑपरेटरचे डोळे नेले होते, पण गर्दी किती आहे हे कळायला डोळे लागत नाहीत. मोकळ्या रस्त्यावरही आवाज कोंडल्यासारखा येतो, तेव्हा समजायचं.

त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत सुती दोरीचं एक कडं होतं. दुसरं कडं धाकटीच्या उजव्या हातात. मध्ये वीतभर दोरी. न दिसणारा धावपटू आणि त्याचा गाइड असेच धावतात. याचा उजवा पाय पुढे तेव्हा त्याचा डावा, आणि जोडलेले दोन हात एकाच झोक्यात. दोरी कायम सैल ठेवायची. वळण आलं की गाइड हलकेच आत घेतो किंवा बाहेर ढकलतो, बाकी सगळं तोंडानं सांगायचं. दोरी ओढण्यासाठी नसते, विचारण्यासाठी असते, असं लांब्या म्हणायचा.

लांब्या म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. गेल्या वर्षी याच शर्यतीत ऑपरेटरच्या शेजारी तो होता, आणि शर्यत संपायच्या आधी तो संपला.

दोघं एकाच वीज कंपनीत होते. ऑपरेटर तक्रारींच्या फोनवर बसायचा, लांब्या खांबांवर चढायचा. "अंधाराच्या तक्रारी ऐकायला यांना बरोबर माणूस सापडला," ही लांब्याची पहिली थट्टा. ऑपरेटरनं उलट विचारलं होतं, "आणि तुला शिडी देतात की नुसतं उभं राहायला सांगतात?" तिथून मैत्री जमली. पुढे दोघं पहाटे धावू लागले. ऑपरेटरची बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला दोरीला बांधून फिरवायला मला इतकी वर्षं जमलं नाही, ते या बाबानं आठवड्यात जमवलं."

अशा जोड्यांसाठी शर्यतीत एक नियम असतो. शेवटची रेषा आधी धावपटूनं ओलांडायची, गाइडनं नंतर. म्हणून रेषा जवळ आली की गाइड मुद्दाम अर्धं पाऊल मागे राहतो. ऑपरेटरला ते दोरीतून कळायचं. इतका वेळ शेजारून येणारा हाताचा झोका मागून येऊ लागला की समजायचं, आलं, आता उरलंसुरलं सगळं काढायचं. त्या क्षणासाठीच तो धावायचा असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी पूल उतरल्यावर पाणी वाटणाऱ्यांच्या टेबलांपाशी एक बँड वाजत होता. ताशे, पितळी वाद्यं, सगळं कानाशी. लांब्याचा आवाज ऐकू येत नव्हता. आणि दोरी मागे गेली. अर्धं पाऊल.

ऑपरेटरला वाटलं, रेषा आली. त्यानं जीव खाऊन वेग घेतला. दोरी आणखी मागे गेली, ताणली, बोटांत रुतली. त्याला वाटलं, लांब्या आज दमला, खेचू या गड्याला. आणि त्यानं खेचलं. मग कडं बोटांतून निसटलं आणि तो मोकळ्या हातानं धावत राहिला, कागदी पेले पायाखाली चुरडत, रेषा कुठे आहे याची वाट पाहत. रेषा तिथून बरीच लांब होती.

तो थांबला तेव्हा कोणत्या दिशेनं परत जायचं हे त्याला कळेना. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत होती. तो तिथेच लांब्याला हाका मारत उभा राहिला, आणि बँड वाजत राहिला.

डॉक्टर म्हणाले, हृदय मुळातच सुजलेलं होतं, ते बहुधा असंही थांबलंच असतं. या वाक्यातला 'बहुधा' ऑपरेटर घरी घेऊन आला.

धाकटीला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. दवाखान्याच्या बाकावर ती त्याच्या शेजारी येऊन बसली, त्याचा डावा हात तिनं हातात घेतला आणि बोटांवरच्या वळावरून अंगठा फिरवला. पुढे काही महिन्यांनी घरी येऊन म्हणाली, "भाऊ, बूट काढ माळ्यावरून. दादाची बाजू मी धरते."

दोरी नवी आणली. जुनी कुठे गेली हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी, बागेला अर्धा फेरा झाला असेल नसेल, ऑपरेटरच्या बोटांना मागून ओढ लागली. तो जागच्या जागी थांबला.

"काय झालं?"

"तू मागे का राहिलीस?"

"मी कुठे मागे? ही काय शेजारी आहे." तिनं त्याचा दुसरा हात धरून दोरीवर ठेवला. दोरी लोंबत होती. तरी बोटं म्हणत होती की पलीकडे कुणीतरी आहे, जड आहे, आणि मागे आहे.

दुसऱ्या दिवशी तेच. मग बाजारात बायकोच्या कोपराला धरून चालतानाही तेच, आणि एकदा तर कचेरीत, खुर्चीत बसल्या बसल्या, कानाला फोन लावलेला असताना. कंपनीच्या डॉक्टरनं सांगितलं की पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाची खाज सुटते, तसलाच हा प्रकार. ऑपरेटरला समजावणी पटली, ओढ मात्र गेली नाही. त्याला पदक नको होतं, वेळ नको होती. एकदा ती रेषा ओलांडावी आणि ही ओढ थांबावी, एवढंच त्याला हवं होतं. नाहीतर चालणंही सुटेल अशी भीती त्याला वाटू लागली होती.

धाकटी पोहायला शिकवायची. भित्र्या माणसांना पाण्यात उतरवण्यात तिची हयात चालली होती, आणि रस्त्यावरही तिची भाषा तलावाचीच असे. फुटपाथला ती 'काठ' म्हणायची. तिनं उपाय काढला. "ओढ लागली की थांबायचं नाही. मला विचारायचं, सैल? मी सांगेन, सैल. आणि माझ्यावर विश्वास ठेवून पुढचं पाऊल टाकायचं. बोटांचं ऐकायचं नाही, माझं ऐकायचं."

"आणि बोटं खरं सांगत असली तर?"

"मग मी सांगेन की. मी काय मुकी आहे?"

सगळा हिवाळा त्यांनी हेच घोटलं. शंभरदा ओढ लागली, शंभरदा त्यानं विचारलं, शंभरदा ती "सैल" म्हणाली. हळूहळू तो बोटांचं न ऐकायला शिकला.

शर्यत सुटली. सुरुवातीला धावणं नव्हतंच, नुसतं घसटत चालणं. मग गर्दी विरळ झाली आणि पाय मोकळे झाले. धाकटी सांगत गेली. "उजवीकडे काठ. खड्डा, डावीकडून ये. समोर एक काका आहेत, पाठीला एवढ्या बाटल्या बांधल्यात की वाळवंटात निघालेत. ओलांडू या." उन्हं चढली. इमारतींची सावली गेली की चेहऱ्यावर ऊन थापडीसारखं बसायचं, पुन्हा सावली आली की कळायचं, रस्ता अरुंद झाला.

ओढ आली ती पूल सुरू होण्याच्या आधी.

"सैल?"

"सैल."

तो धावत राहिला. पुलाच्या चढावर पुन्हा लागली, या खेपेला जोरात.

"सैल?"

"सैल, भाऊ. चल."

श्वास लागला होता तिला. चढावर लागतोच. त्यानं पाऊल टाकलं. आपण जिंकत चाललोय असंही त्याला वाटलं. ओढ होती, पण ती आता त्याच्या मागे कुठेतरी होती, चालत्या गाडीमागे भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी.

पुलाच्या उतारावर खालून बँडचे ताशे ऐकू येऊ लागले. तोच बँड असेल किंवा दुसरा, जागा तीच.

"सैल?"

"सैल."

आयुष्यभर त्यानं फोनवर माणसं ऐकली होती. बोलणारा उभा आहे की बसलाय, जिन्यात आहे की खोलीत, रडून आलाय की भांडून, हे त्याला पहिल्या वाक्यात कळायचं. आता शब्द ठीक होता, पण तो कानाच्या शेजारून आला नव्हता. मागून आला होता. अर्धं पाऊल मागून.

एवढ्यात ते बँडच्या आवाजात शिरले. त्यानं पुन्हा विचारलं. उत्तर आलं असेल, ऐकू आलं नाही. पायाखाली कागदी पेले चुरडले. दोरी ताणली आणि बोटांत रुतली, अगदी त्याच पेरावर. सगळ्या हिवाळ्याची शिकवण त्याच्या कानात सांगत होती, पुढचं पाऊल टाक, हे खरं नाही. रेषा पुढे आहे. एकदा ओलांडली की सुटलास.

तो थांबला.

मागचा एक जण त्याच्या खांद्यावर आदळून शिवी हासडून गेला. मग धाकटी त्याच्या पाठीवर येऊन आपटली आणि तशीच त्याला धरून उभी राहिली. तिचं सगळं वजन एका पायावर होतं.

"का थांबलास?" ती त्याच्या कानाशी ओरडली. "मी म्हटलं ना सैल."

"मागून म्हणालीस."

तिनं त्याचा खांदा आणखी घट्ट धरला.

"कुठे दुखतंय?"

"पोटरी. काही नाही, गोळा आलाय."

"कधीपासून?"

"पुलाच्या आधीपासून."

"सांगायचं नाही?"

"गाइडनं आपलं दुखणं सांगायचं नसतं," ती म्हणाली. "दादा म्हणायचा."

त्यानं तिला कमरेला धरलं, तिनं दिशा सांगितली आणि दोघं लंगडत काठाला लागली. ती फुटपाथवर बसली. त्यानं चाचपून पाहिलं. पोटरी दगडासारखी झाली होती आणि हात लागताच तिनं दात आवळल्याचं त्याला ऐकू आलं. प्रथमोपचाराची बाई आली, पाय उचलून मांडीवर घेतला, म्हणाली, "हिची शर्यत झाली. तुम्हाला पुढे जायचंय का? धरायला कुणीतरी मिळेल."

"जा, भाऊ," धाकटी म्हणाली. "इतक्या लांब आलायस. मी कुणालाही हाक मारते. जा आणि संपव एकदाचं." तिनं आपलं कडं बोटांतून काढलं आणि दोरी सोडून दिली.

दोरीचं टोक खाली पडायला हवं होतं. ऑपरेटर उभा होता, हात अंगापासून थोडा दूर, आणि त्याच्या बोटांना ओढ लागतच होती. मागे. आलेल्या वाटेच्या दिशेनं, पुलाकडे. कमी नाही, जास्त नाही, एखादं माणूस धरून राहावं इतकीच.

"सोडलीस?"

"केव्हाच."

तो वळला आणि ओढीच्या दिशेनं चालू लागला. एक हात पुढे धरून, धावत येणाऱ्या माणसांच्या तोंडावर. लोक ओरडत होते, बाजूला होत होते. मागून बाई म्हणाली, "अहो, उलटे कुठे?" धाकटीनं तिला गप्प केलं असावं. कारण मग बँडच्या वरताण, तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेल असा तिचा आवाज आला.

"डावीकडे, भाऊ. अजून. समोर टेबल आहे, त्याच्या अलीकडे. दोन पावलं. बस, तिथे."

तो उभा राहिला. आपण कुठे आहोत हे त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी धाकटी इथे नव्हती, मग तिला ही जागा इतकी नेमकी कशी ठाऊक, हेही विचारलं नाही. वर्षभरात ती इथे कितीदा येऊन उभी राहिली असेल, तेवढं तिच्या आवाजातून कळत होतं.

तो खाली बसला. रस्ता ओला होता, पेल्यांचा चिखल झाला होता. माणसं दोन्ही बाजूंनी गेली, मग तुरळक झाली, मग अधूनमधून एखादंच पाऊल, फरफटत. बँडवाले थांबले. टेबलं उचलल्याचे आवाज आले. सर्वात मागे राहिलेल्यांना उचलत येणारी बस पूल उतरून आली आणि त्याच्यापाशी धापा टाकत उभी राहिली.

"काका, उठा," संयोजकांपैकी एक जण उतरून म्हणाला. "रस्ता उघडायचाय. बसा आत."

"एक जण यायचाय," ऑपरेटर म्हणाला.

"मागे कुणी नाही. आम्हीच शेवटचे."

"आहे. जरासा मागे आहे."

तो माणूस पुलाकडे वळला असावा, त्याचे बूट ओल्या रस्त्यावर वाजले. फुटपाथवरून धाकटी म्हणाली, "थांबा हो थोडं." तिचा आवाज ओला होता. बसच्या चालकानं इंजिन बंद केलं.

ऑपरेटरनं हात लांब केला आणि दोरीला जेवढी हवी तेवढी ढील दिली. त्यानं ओढलं नाही. रस्त्यावर कसलाच आवाज नव्हता. आणि त्याच्या बोटांवरचा ताण हळूहळू कमी होत गेला, आधी जरासा, मग आणखी जरासा. मागे राहिलेलं कुणीतरी आपल्या चालीनं, घाई न करता शेजारी येऊन पोचावं तसा.